वसंतकालीन व्याख्याने आणि नगरवाचनालये : ‘सार्वजनिक’ ह्या कल्पनेच्या इतिहासातील एक प्रकरण

१

चैत्र आणि वैशाख हे दोन महिने महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांच्या सांस्कृतिक जीवनात विशेष गजबजलेले असतात. शाळांच्या परीक्षा संपलेल्या असतात, न्यायालयांना सुटी लागलेली असते, शेतीची कामे मृगाची वाट पाहत थांबलेली असतात. ह्या सुमारास नगरवाचनालयाच्या दाराशी व्याख्यानांचे वेळापत्रक लागते, मुलांसाठी वाचनाचे व कथाकथनाचे वर्ग निघतात, ग्रंथप्रदर्शने भरतात, आणि सायंकाळी एखाद्या पटांगणात किंवा घाटावर श्रोते जमू लागतात. हे दृश्य आज इतके परिचित झाले आहे की, त्याला काही इतिहास आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वाचनालय आणि व्याख्यानमाला ही एकाच प्रबोधनाची दोन अंगे होत, ती एकाच प्रेरणेतून जन्मली आणि एकमेकींना पूरक म्हणून वाढली, असा सर्वसाधारण समज आहे.

हा समज सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. कालक्रम पाहिला तर नगरवाचनालये आधीची आणि वसंतकालीन व्याख्याने नंतरची ठरतात. दोहोंमध्ये सुमारे अर्धशतकाचे अंतर आहे. वाचनालय हे मुळात वर्गणीदारांचे होते, तर व्याख्यान हे श्रोत्यांचे होते. वाचनालयात प्रवेश मिळण्यासाठी अक्षरज्ञान आणि वर्गणी ही दोन्ही लागत. व्याख्यानास ह्यांपैकी काहीच लागत नसे. म्हणून दोहोंच्या संयोगाचा खरा अर्थ एका उणिवेच्या संदर्भात शोधावा लागतो. जी संस्था स्वतःस ‘सार्वजनिक’ म्हणवू लागली होती, तिला त्या नावास पात्र होण्यासाठी आपल्या भिंतींबाहेर यावे लागले. आणि बाहेर येण्यास सोयीचा ऋतु वसंत होता. हे बाहेर येणे कितपत पुरे पडले, हा ह्या विषयातील महत्त्वाचा प्रश्न होय.

२

महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरवाचनालयांत रत्नागिरीच्या वाचनालयाची गणना होते. त्याची स्थापना इ. स. १८२८ ची. त्यानंतर अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०), सोलापूर (१८५३), चिपळूण व कल्याण (दोन्ही १८६४), सांगली (१८६९) अशी ही मालिका वाढत गेली. ह्या यादीवरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, पेशवाई संपुष्टात आल्यावर अवघ्या दहा वर्षांत ह्या प्रकारच्या संस्थेचा आरंभ झाला. दुसरी अशी की, ही संस्था प्रथमपासूनच जिल्ह्याच्या अथवा संस्थानाच्या मुख्य ठिकाणी, म्हणजे जेथे कचेरी, न्यायालय आणि सरकारी शाळा होती तेथे, रुजली. इंग्रज अधिकाऱ्यांचे उत्तेजन आणि स्थानिक सुशिक्षितांची वर्गणी ह्या दोहोंवर तिचा पाया उभा होता. पुण्यातील वाचनालयाच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख ह्यांचा पुढाकार होता. त्याच वर्षी, म्हणजे १८४८ मध्ये, त्यांची ‘शतपत्रे’ भाऊ महाजन ह्यांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. विद्येच्या अभावाने आपल्या लोकांची अवनती झाली असे मानणाऱ्या ह्या लेखकाने ग्रंथांचे सामायिक भांडार उभारण्यास हातभार लावावा, हे त्याच्या विचारसरणीस धरूनच होते.

ह्या संस्थांपैकी अनेकींचे मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे होते. ह्या नावातील प्रत्येक शब्द विचार करण्याजोगा आहे. ‘नेटिव्ह’ ह्या शब्दाने युरोपीय अधिकाऱ्यांच्या स्वतंत्र वाचनगृहांहून हे स्थान वेगळे आहे असे सूचित होई. ‘जनरल’ ह्या शब्दाने ते एखाद्या विशिष्ट धर्माचे, शाळेचे किंवा खात्याचे नाही असे सांगितले जाई. परंतु ‘जनरल’ म्हणजे ‘सर्वांचे’ असा त्याचा अर्थ व्यवहारात नव्हता. सभासदांचे वर्गणीनुसार वर्ग असत. वर्गाप्रमाणे एका वेळी घरी नेता येणाऱ्या पुस्तकांची संख्या ठरे. अनामत रक्कम भरावी लागे. पुस्तकांत इंग्रजीचा भरणा मोठा असे, कारण मराठीत मुद्रित ग्रंथांची संख्याच प्रारंभी थोडी होती. वाचकवर्गात कारकून, वकील, शिक्षक आणि पेन्शनर ह्यांचा भरणा असणे स्वाभाविक होते. इ. स. १९०१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्याही आत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे शहरातील किती थोड्या माणसांना ह्या दाराचा उपयोग होता ह्याची कल्पना येते.

पुढे ही नावे बदलली. कोठे ‘सार्वजनिक वाचनालय’, कोठे ‘नगर वाचनालय’, कोठे ‘नगर वाचन मंदिर’ अशी नावे आली. लोकमान्य टिळकांच्या मृत्यूनंतर (१९२०) काही संस्थांनी त्यांचे नाव धारण केले. चिपळूणचे ‘लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. ह्या नामांतरांकडे केवळ राष्ट्रीय वृत्तीचा आविष्कार म्हणून पाहणे पुरेसे नाही. ‘नेटिव्ह’ हा राज्यकर्त्यांनी दिलेला शब्द जाऊन त्या जागी ‘नगर’ अथवा ‘सार्वजनिक’ हा शब्द येतो, तेव्हा संस्था आपला धनी बदलते; ती आता नगराच्या वतीने बोलण्याचा अधिकार सांगते. अधिकार सांगितला की जबाबदारीही येते. नगरातील जे लोक वर्गणी भरू शकत नाहीत, वाचू शकत नाहीत, त्यांच्याशी ह्या संस्थेचा संबंध काय, हा प्रश्न नामांतराबरोबरच उपस्थित होतो.

३

वसंतकालीन व्याख्यानांचा आरंभ पुण्यात झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी इ. स. १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ही ह्या प्रकारची आद्य माला होय. पुढे तिचे संचालन ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ ह्या संस्थेकडे आले. ह्या सभेचे नावच त्या काळाच्या एका अपेक्षेचे द्योतक आहे. वक्तृत्व हे उत्तेजन देऊन वाढविण्याजोगे नागरिक कौशल्य आहे, ते कीर्तनकाराच्या अथवा शास्त्र्याच्या परंपरागत अधिकाराहून वेगळे आहे, अशी त्यामागची धारणा होती.

मराठीत व्याख्यान हा प्रकार १८७५ मध्ये एकाएकी अवतरला असे मात्र नव्हे. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्थापिलेल्या सभेची मराठी शाखा निबंधवाचन आणि त्यावर चर्चा असा क्रम चालवीत असे; दादोबा पांडुरंग ह्यांचे तिला मार्गदर्शन होते. इ. स. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबोवा ब्रह्मचारी ह्यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. उघड्या जागेत, सायंकाळी, कोणाही श्रोत्यास मज्जाव न करता झालेल्या ह्या सभा पुढील व्याख्यानांच्या पूर्वसूरी म्हणता येतील. ह्याहूनही जुनी अशी कीर्तनाची आणि पुराणाची परंपरा तर सर्वत्र होतीच. चैत्रात रामनवमीच्या निमित्ताने नऊ दिवस देवळात कीर्तने होत. ठरावीक दिवस, ठरावीक वेळ, एक वक्ता, बसलेला समुदाय, आणि विषयाचे पूर्वरंग व उत्तररंग असे विभाजन, ह्या सर्वांची श्रोत्यांना सवय होती. व्याख्यानमालेने ही सवय उपयोगात आणली. मात्र देवळाच्या जागी पटांगण, आख्यानाच्या जागी इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा हे विषय, आणि वक्त्याच्या अधिकाराच्या जागी अध्यक्षाच्या समारोपाची शिस्त आणली.

वसंत ऋतूच का, ह्याचे उत्तर काव्यात नाही, तर कालगणनेच्या दोन पद्धतींच्या संगमात आहे. एक पद्धत पंचांगाची व शेतीची. दुसरी न्यायालये, शाळा आणि महाविद्यालये ह्यांच्या वार्षिक सुट्यांची. ब्रिटिश अमदानीत दुसऱ्या पद्धतीने सुशिक्षितांचे वर्ष बांधले गेले. उन्हाळ्याच्या सुटीत न्यायाधीश, वकील, प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच वेळी मोकळे होत आणि आपापल्या गावी परतत. दोन पिढ्यांचे, आणि महानगर व लहान गाव ह्यांचे, असे एकत्र येणे वर्षात अन्य वेळी सहसा घडत नसे. १८५३ पासून वाढत गेलेल्या लोहमार्गांमुळे वक्त्याचा प्रवास सुकर झाला होता. पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या हवेत उघड्यावर बसणे शक्य होते. मोठी सभागृहे जेथे नव्हती, अशा शहरांत ही गोष्ट निर्णायक होती. महाराष्ट्रातील तत्कालीन सार्वजनिक घटनांच्या तारखा पाहिल्या तर ह्या ऋतूचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. पुणे सार्वजनिक सभेची स्थापना २ एप्रिल १८७० ची. रानडे व लोकहितवादी ह्यांच्या प्रेरणेने पुण्यात हिराबागेत भरलेली पहिली ग्रंथकारसभा ११ मे १८७८ ची. दुसरी ग्रंथकारसभा मे १८८५ ची. सुटीचा काळ हा विचारांच्या देवघेवीचा हंगाम बनला होता.

ह्या प्रथेच्या प्रसाराचे आणखी एक साधन सहसा दुर्लक्षित राहते. ते म्हणजे सरकारी नोकरांच्या बदल्या. स्वतः रानडे ह्यांची १८७८ मध्ये नाशिकला आणि लगेच पुढील वर्षी धुळ्यास बदली झाली. न्यायखाते, शिक्षणखाते आणि महसूलखाते ह्यांतील देशी अधिकारी अशा रीतीने जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत, आणि एका शहरात पाहिलेली संस्था दुसऱ्या शहरात उभी करण्याची खटपट करीत. नगरवाचनालय हे अशा नवागतास सर्वांत आधी सापडणारे स्थान होते. तेथे वर्तमानपत्रे येत, तेथेच स्थानिक वकील व शिक्षक भेटत, आणि तेथेच नव्या उपक्रमाची वर्गणीयादी फिरे. व्याख्यानमाला आणि वाचनालय ह्यांचा संबंध प्रथम माणसांच्या द्वारे जुळला. संस्थात्मक संबंध मागाहून आला.

४

विसाव्या शतकात ही प्रथा लहान शहरांत स्थिरावली. नाशिकमध्ये ह्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून गोदावरीच्या काठी, यशवंतराव महाराज पटांगणावर, मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरू लागली. वाई येथे लोकमान्य टिळक स्मारक संस्थेच्या विद्यमाने मे महिन्यातच व्याख्याने होऊ लागली. कृष्णाकाठच्या ह्या लहान गावाला प्राज्ञपाठशाळेची आणि पुढे विश्वकोशाच्या कार्याची जोड मिळाल्याने तेथील श्रोतृवर्गास विशेष बौद्धिक वळण लाभले. दोन्ही ठिकाणी नदीकाठ ही व्याख्यानांची भूमी आहे, हा निव्वळ योगायोग नव्हे. घाट ही जागा खाजगी मालकीची नसते. संध्याकाळी तेथे येणाऱ्यास निमंत्रण लागत नाही. आणि पाच मिनिटे उभे राहून ऐकून निघून जाण्याचे स्वातंत्र्यही तेथे असते. वाचनालयाच्या नोंदवहीत ज्याचे नाव कधीच चढले नसते, असा मनुष्य घाटावरील श्रोत्यांत असू शकतो. हाच व्याख्यानमालेचा वाचनालयाहून असलेला मूलभूत भेद होय.

ह्या मालांचा अर्थव्यवहारही लक्षात घेण्याजोगा आहे. श्रोत्यांकडून शुल्क न घेता महिनाभर कार्यक्रम चालवावयाचा म्हणजे खर्चाची तरतूद अन्यत्र करावी लागते. ती बहुधा देणग्यांतून आणि स्मृतिव्याख्यानांतून झाली. दिवंगत आप्ताच्या नावे एक व्याख्यान पुरस्कृत करण्याची पद्धत रूढ झाली, आणि अन्नदानाच्या जुन्या कल्पनेस ज्ञानदानाचे रूप मिळाले. ग्रंथालयासही ह्याच मार्गाने ग्रंथसंग्रह, कपाटे आणि इमारतनिधी मिळत गेले. परिणामी दोन्ही उपक्रमांचे आश्रयदाते, आणि पुष्कळदा कार्यकर्तेही, तेच राहिले.

मराठवाड्याची स्थिती मात्र वेगळी होती. निजामी राजवटीत जाहीर सभांवर कडक निर्बंध होते. ‘गश्ती निशाण ५३’ ह्या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमाने सभेपूर्वी परवानगी घेणे भाग पाडले होते. अशा परिस्थितीत परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या (१९०१) संस्थांचे महत्त्व वाचनापुरते मर्यादित राहिले नाही. मराठी भाषेस शिक्षणात आणि कारभारात दुय्यम स्थान असताना मराठी पुस्तके व वर्तमानपत्रे एकत्र मिळण्याची जागा हीच मराठी भाषकांची एकत्र येण्याची जागा बनली. ब्रिटिश मुलखात व्याख्यानाने वाचनालयाची उणीव भरून काढली. निजामी मुलखात वाचनालयाने सभेची उणीव भरून काढली. दोन्ही प्रदेशांतील अनुभव एका साच्यात बसविणे म्हणूनच अनुचित ठरते.

५

येथपर्यंतचे विवेचन व्याख्यानमालेच्या बाजूने झाले. परंतु घाटावर कोणीही येऊ शकत होते, ह्यावरून सर्वजण येत होते, असे अनुमान काढता येत नाही. ‘सार्वजनिक’ ह्या शब्दावरील पहिला मूलगामी आक्षेप ह्याच ऋतूत, १८८५ च्या ग्रंथकारसभेच्या निमित्ताने, घेतला गेला. रानडे ह्यांनी पाठविलेल्या निमंत्रणास जोतीराव फुले ह्यांनी दिलेले उत्तर ‘ज्ञानोदय’ पत्रात जून १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. जे लोक सर्व मानवांचे हक्क प्रत्यक्ष व्यवहारात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी शूद्रातिशूद्रांचा मेळ बसणार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. हा नकार वैयक्तिक मानापमानाचा नव्हता. ज्ञानाची देवघेव समान भूमीवर व्हावयाची असेल तर भूमी आधी समान केली पाहिजे, असा तो युक्तिवाद होता. फुले ह्यांचा अखेरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. सार्वजनिक सभेचा ‘सार्वजनिक’ आणि ह्या ग्रंथातील ‘सार्वजनिक’ ह्या दोहोंत जे अंतर आहे, तेच एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या वैचारिक संघर्षाचे अंतर होय.

ह्या संघर्षाची विसाव्या शतकातील परिणती नाशिकमध्येच पाहावयास मिळते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला; स्थानिक पातळीवर भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड ह्यांनी त्याची धुरा वाहिली. ९ एप्रिल रोजी रथ ओढण्याच्या प्रश्नावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली. ज्या शहरात वसंतात ज्ञानसत्र भरत होते, त्याच शहरात, त्याच ऋतूत, देवळाचे दार उघडावे म्हणून शहरातील एक मोठा समाज ताटकळत उभा होता. व्याख्यानमालेचा इतिहास लिहिताना हे दुसरे चित्र बाजूस ठेवले, तर तो इतिहास अर्धाच राहतो.

ग्रंथालयांच्या बाबतीत कायद्याची स्थितीही संदिग्ध होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत झाला. त्याने सार्वजनिक निधीतून बांधलेल्या व चालविलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा आणि सरकारी शाळा, न्यायालये, दवाखाने ह्यांचा अस्पृश्यांना उपयोग करू द्यावा असे म्हटले होते. वर्गणीवर चालणारे वाचनालय अशा कक्षेत सहज बसत नव्हते. नावाने सार्वजनिक आणि मालकीने सभासदांचे, असे त्याचे दुहेरी स्वरूप होते. त्यामुळे दलित समाजाने स्वतःची ज्ञानकेंद्रे उभारण्याचा मार्ग धरला. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबरच वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढणे ह्यांचा स्पष्ट उल्लेख होता. ग्रंथालय ही मुक्तीच्या कार्यक्रमाची एक पायरी मानण्याची ही दृष्टी नगरवाचनालयांच्या संस्थापकांच्या दृष्टीहून गुणतः भिन्न होती. तेथे ग्रंथ हे सुशिक्षिताचे भूषण व साधन होते. येथे तो ज्याला नाकारला गेला त्याचा हक्क होता.

स्त्रियांविषयीही असाच विचार करावा लागतो. चैत्र महिना हा स्त्रियांच्या सामाजिक भेटीगाठींचा महिना होता. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंब्याची डाळ आणि पन्हे ह्यांच्या निमित्ताने आळीतील स्त्रिया एकमेकींच्या घरी जात. हे वसंतातील एक विस्तृत सामाजिक जाळे होते. मात्र त्याची गणना ‘सार्वजनिक’ ह्या सदरात कोणी केली नाही, आणि वैधव्य व जात ह्यांच्या मर्यादा त्यालाही होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये स्थापिलेल्या आर्य महिला समाजाने आणि पुढे रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या सेवासदनाने (१९०९) स्त्रियांना घराबाहेर एकत्र येऊन ऐकण्याची, वाचण्याची आणि बोलण्याची सवय लाविली. व्याख्यानाच्या पटांगणात स्त्रिया श्रोत्या म्हणून आणि नंतर वक्त्या म्हणून दिसू लागल्या, त्यामागे ह्या स्वतंत्र संस्थांची पूर्वतयारी आहे. बहुसंख्य ग्रामीण समाजाचा वसंत तर जेजुरी, जोतिबा, शिखर शिंगणापूर येथील चैत्री यात्रांत, कुस्त्यांच्या फडांत आणि तमाशात व्यतीत होत होता. नगराच्या व्याख्यानमालेने ह्या जगाशी फारसा संबंध ठेवला नाही.

६

वाचनालये वर्गणीदारांच्या कक्षेबाहेर नेण्याचा दुसरा मार्ग राज्यसंस्थेचा होता. ह्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण मराठी राजघराण्याच्या बडोदे संस्थानात आढळते. सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन तज्ज्ञास पाचारण करून ग्रंथालय खात्याची उभारणी केली. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि फिरत्या पेट्या अशी त्रिविध रचना झाली. गावच्या ग्रंथालयासाठी लोकवर्गणी, प्रांतपंचायत आणि सरकार ह्यांनी आपापला वाटा उचलावा असे सूत्र ठरले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयविषयक कायदा केला. भारतातील ह्या प्रकारच्या आद्य कायद्यांत त्याची गणना होते. मुंबई सरकारने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९४० च्या अहवालात राज्यव्यापी, स्तरबद्ध ग्रंथालयसेवेची योजना होती. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास तिच्या अंमलबजावणीस प्रारंभ झाला, तेव्हा नवी ग्रंथालये उभारण्याऐवजी अस्तित्वात असलेल्या नगरवाचनालयांनाच जिल्हा व तालुका ग्रंथालयांचा दर्जा देऊन अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले गेले.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७, हा १ मे १९६८ पासून अंमलात आला आणि त्याने हेच धोरण पक्के केले. मद्रास राज्याच्या १९४८ च्या कायद्यात स्थानिक ग्रंथालय कराची तरतूद होती. महाराष्ट्राने कर बसविला नाही. ग्रंथालये संस्थांच्याच स्वाधीन राहिली. शासनाने त्यांना मान्यता द्यावी, अ, ब, क, ड अशा वर्गांत त्यांची प्रतवारी करावी आणि वर्गानुसार अनुदान द्यावे, अशी व्यवस्था झाली. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या बारा हजारांच्या आसपास पोहोचली, ती ह्याच व्यवस्थेतून.

ह्या निर्णयाचे गुणदोष दोन्ही आहेत. ग्रंथालय सरकारी खाते न बनल्यामुळे स्थानिक कार्यकर्ता टिकला. व्याख्यानमाला, बालविभाग, वार्षिकोत्सव, साहित्यसंमेलनांचे यजमानपद हे सारे त्याच्या उत्साहावर चालले. चिपळूणच्या वाचन मंदिराने जानेवारी २०१३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले, ते अशा संस्थात्मक बळाचे प्रत्यंतर होय. परंतु ग्रंथालयसेवा हा नागरिकाचा कायदेशीर हक्क ठरला नाही. वर्गणी राहिली, सभासदत्व राहिले, आणि ‘सार्वजनिक’ ह्या शब्दाचे दुहेरी स्वरूपही राहिले. बडोद्याने ज्या प्रश्नाचे उत्तर राज्याच्या तिजोरीतून दिले, त्याचे उत्तर महाराष्ट्राने सेवाभावावर सोपविले. सेवाभाव जेथे प्रबळ तेथे ग्रंथालय नगराचे झाले. जेथे तो क्षीण तेथे ते मूठभर सभासदांचे राहिले.

दरम्यान वसंताचे सार्वजनिक पंचांगही पालटले. ११ एप्रिल ही जोतीराव फुले ह्यांची आणि १४ एप्रिल ही डॉ. आंबेडकर ह्यांची जयंती. ह्या दोन तिथींना जोडून फुले–आंबेडकर व्याख्यानमाला राज्यभर भरू लागल्या. त्यांचे आयोजन वस्त्यांतून, विद्यार्थी संघटनांतून आणि विहारांतून होते. ग्रंथविक्री हे त्यांचे एक अविभाज्य अंग असते. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि १ मेचा महाराष्ट्र दिन ह्यांनी ग्रंथालयांच्या वसंतकालीन कार्यक्रमांना नव्या तारखा दिल्या. ज्या निमंत्रणास १८८५ मध्ये नकार मिळाला, त्याचे उत्तर एका अर्थी ह्या एप्रिलच्या व्याख्यानांनी दिले आहे; मात्र ते जुन्या मांडवात प्रवेश मिळवून नव्हे, तर आपला मांडव स्वतंत्र उभारून. आज अनेक शहरांत दोन्ही मांडव असतात. दोहोंचे वक्ते कधीकधी तेच असतात. श्रोते तेच असतात काय, ह्यावर त्या शहराच्या सार्वजनिक जीवनाची परीक्षा अवलंबून आहे.

७

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. नगरवाचनालय आणि वसंत व्याख्यानमाला ह्यांचा उगम भिन्न काळी, भिन्न गरजांतून झाला. त्यांना जोडणारा दुवा सुटीच्या दिनदर्शिकेने, लोहमार्गाने आणि बदल्यांवर फिरणाऱ्या सुशिक्षित वर्गाने पुरविला. व्याख्यानाने वाचनालयाच्या वर्गणीची व अक्षरज्ञानाची अट ओलांडली. जातीची आणि लिंगभेदाची अट मात्र त्याने आपण होऊन ओलांडली नाही. ती ओलांडण्याचे काम नगराच्या कडेला उभ्या असलेल्या समाजांनी स्वतःच्या संस्था काढून केले, आणि त्यांच्या दबावाने ‘सार्वजनिक’ ह्या शब्दाचा अर्थ विस्तारत गेला.

ह्या इतिहासाची साधने महानगरांतील अभिलेखागारांपेक्षा लहान शहरांतील वाचनालयांच्या कपाटांत अधिक आहेत. सभासदांच्या नोंदवह्या, कार्यकारी मंडळांची इतिवृत्ते, छापील वार्षिक अहवाल, देणगीदारांच्या याद्या, देवघेवीची पुस्तके आणि व्याख्यानांची हस्तपत्रके ह्यांतून कोण बोलले, कोणत्या विषयावर बोलले, कोणी खर्च सोसला आणि कोणाच्या नावे पुस्तक घरी गेले, हे पडताळता येते. नोंदवहीतील आडनावे, पत्ते आणि व्यवसाय दशकादशकाने तपासले, तर एका नगराचे दार केव्हा, कोणासाठी आणि किती उघडले ह्याचा आलेख काढता येईल. ही साधने नाशवंत आहेत. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळूणच्या वाचन मंदिराची मोठी ग्रंथहानी झाली. अन्यत्र वाळवी आणि जागेची टंचाई हेच काम अधिक संथपणे करीत आहेत. वसंतातील सुटीचा काळ पूर्वी वक्त्यांना लहान शहरांकडे नेत असे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्याच काळात ह्या कपाटांकडे वळून जुन्या वह्यांच्या प्रती आणि सूच्या तयार केल्या, तर विभागीय संशोधनास भक्कम पाया मिळेल आणि त्या त्या नगरास आपल्या सार्वजनिकतेचा हिशेबही हाती येईल.